मायनस अडतीस

माझ्या मावशीच्या नवऱ्याने गेल्या चाळीस वर्षांत चारचौघांत एकदाही टाळी वाजवलेली नाही. हा आरोप नाही. आरोप करायचा असला की मी तो पिवळ्या कागदावर, ठळक अक्षरांत आणि खाली पाच मागण्यांसकट छापते, हे उज्जैनच्या फ्रीगंजातल्या निम्म्या दुकानदारांना अनुभवाने माहीत आहे. ही नुसती वस्तुस्थिती आहे. आरतीला सगळं घर टाळ्या कुटत असतं तेव्हा हा माणूस उजव्या हाताने मांडीवर ठेका धरतो. डावा हात खिशात. लग्नात अक्षता उजव्या हाताने टाकतो, डावा खिशात. नमस्कारसुद्धा अर्धाच करतो, उजवा तळवा छातीसमोर उभा धरून, आणि समोरच्याला वाटतं हा आपल्याला थांबा म्हणतोय. एकदा रामघाटावर वडिलांच्या श्राद्धाला बसले होते. गुरुजींनी ओंजळ करायला सांगितली तर यांनी एकच तळवा पुढे केला. गुरुजी उज्जैनचे, सगळ्या मुलखातले यजमान बघितलेले, तरी त्यांनाही विचारावंच लागलं की दुसरा हात कुठे आहे. त्यावर हे शांतपणे म्हणाले, "दूसरा हाथ सेफ्टी में है, पंडितजी."

महाराष्ट्रात मावशीच्या नवऱ्याला काका म्हणतात असं ऐकून आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे, आम्ही मौसाजी म्हणतो, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी त्यावर नाक मुरडलं तर त्यांच्या पोह्यांवर जिरावण मसाला घालत नाही. तर हे मौसाजी एका सरकारी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आणि घरी वॉल्व्हचे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. वॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर यायच्या आधीची काचेची नळी, दिव्यासारखी पेटणारी. तिच्यामागे चारशे व्होल्ट उभे असतात. एक हात आत लागला आणि दुसरा डब्याच्या पत्र्यावर असला तर करंट या हातातून त्या हातात जाताना मधे छाती लागते, आणि छातीत काय असतं ते सर्वांना माहीत आहे. म्हणून या धंद्याचा नियम असा की काम एका हाताने करायचं आणि दुसरा खिशात ठेवायचा. बाकीचे लोक हा नियम डबा उघडा असेपर्यंत पाळतात. मौसाजींचं म्हणणं असं की डबा कधी उघडा आहे आणि कधी बंद, हे माणसाला कुठे कळतं. म्हणून ते तो कायम पाळतात. त्यांच्या पायजम्यांना, बर्म्युड्यांना आणि लग्नातल्या सलवारीलासुद्धा डावीकडे खिसा आहे आणि उजवीकडे नाही. टेलरने एकदा दोन्हीकडे शिवला तर उजवा उसवून परत केला, वर त्याला सांगितलं की विनाकारण मोह तयार करू नये.

इथल्या प्रत्येक मराठी घरात एक पूर्वज असतो आणि तो दरबारात फार मोठा असतो. आमच्या समाजाच्या संमेलनात दर वर्षी हे पूर्वज एकमेकांना भेटतात. कुणाचा बक्षी, कुणाचा फडणीस, कुणी तर थेट तोफखान्याचा. मावशीचं माहेर म्हणजे माझंही आजोळ, तिथले बक्षी. एका वर्षी ओळख करून द्यायची पाळी मौसाजींवर आली. ते माइकसमोर गेले आणि अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले की आमचे पूर्वज मशालजी होते. फौज चालायची आणि आम्ही पुढे उजेड धरायचो. पलिते गेले, वॉल्व्ह आले, काम तेच आहे. एवढं सांगून ते खाली बसले. बक्षी, फडणीस आणि तोफखाना सगळे आपापल्या चहाकडे वळले. मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि मी, तेव्हा शाळेत होते, मनातल्या मनात त्यांच्या पक्षात दाखल झाले.

ते अर्ध्या मिनिटाचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. वॉल्व्ह बटण दाबल्याबरोबर बोलत नाही. आधी तापतो, मग बोलतो. मौसाजीही तसेच. प्रश्न विचारला की हा माणूस तुमच्याकडे प्रेमाने बघत बसतो, चेहऱ्यावर काही हालत नाही, आणि तुम्ही विषय बदलून पुढे गेलात की मागच्या प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर देतो. नवीन माणसाला वाटतं बहिरे आहेत. मावशीला बघायला गेले होते तेव्हा आमच्या आजोबांनी विचारलं की मुलगी पसंत आहे ना. मौसाजी तापू लागले. दहा सेकंद, वीस सेकंद. आजोबा बक्षी घराण्यातले, अपमान ओळखायला त्यांना कधी अर्धा मिनिट लागला नाही. ते उठले, जोड्यात पाय घातला आणि अंगणात जाऊन पाहुण्यांना परत धाडायला टांगा बोलवायला लागले. तेवढ्यात आतून आवाज आला, "हो, फारच." मावशी सांगते की तिने तेव्हाच ओळखलं होतं, हा माणूस उशीर करेल पण याचा आवाज फाटणार नाही. आता ती हे वाक्य भाजी आणायला पाठवलेला नवरा दोन तासांनी परततो तेव्हा वापरते आणि त्यातला दुसरा भाग गाळते.

ट्रान्झिस्टरनंतर जे काही निघालं ते सगळं मौसाजींच्या हिशेबी वाळू आहे. वाळूपासून करतात, म्हणून वाळू. टीव्ही वाळूचा, मोबाइल वाळूचा. मुलाने अमेरिकेतून नव्हे, इंदूरहून एक ब्लूटूथ स्पीकर आणला, तर त्यांनी तो कानाजवळ धरला, हलवून पाहिला आणि परत देताना म्हणाले, छान डबी आहे, हिच्यात ओवा ठेवता येईल. त्यांच्या बैठकीत टीव्ही कोपऱ्यात जमिनीवर आहे, आणि जिथे लोक टीव्ही ठेवतात तिथे, क्रोशाच्या रुमालाखाली, त्यांचा स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. हिरवा पत्रा, वर लोखंडी ट्रान्सफॉर्मर, दोन धडधाकट माणसांनी उचलावा इतका जड. तीस वर्षं समाजाच्या गणपतीत हाच वाजला. मग नवी कमिटी आली, तिने नवी वाळू आणली, आणि अ‍ॅम्प्लिफायर हातगाडीवर घालून घरी पाठवून दिला. कुणी दोन शब्द बोललं नाही. मी या प्रकाराचा निषेध करणारं पत्रक काढायला निघाले होते. मौसाजींनी अर्ध्या मिनिटाने नको म्हटलं.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या वॉल्व्हांपैकी एक-एक करत बाकीचे सगळे गेले. उरली शेवटची जोडी. ती बिस्किटाच्या डब्यात, मावशीच्या जुन्या रेशमी ब्लाउजच्या कापडात गुंडाळून ठेवलेली होती, म्हातारपणासाठी. म्हणजे म्हातारपणी रोज संध्याकाळी थोडं-थोडं ऐकायला. मौसाजींचं वय तेव्हा बहात्तर होतं. मावशी विचारायची, अहो, ते म्हातारपण नक्की कधी सुरू होणार आहे, मला कळवून ठेवा, मी त्या दिवशी शिरा करेन.

आता माझी बाजू. मी आवाजाच्या विरोधात आहे. म्हणजे डीजेच्या गाड्यांच्या विरोधात: एका ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, आणि तो ट्रक आमच्या बोळात. खिडक्या थरथरतात, भांडी मांडणीवरून चालत पुढे येतात, शेजारच्या आजी छातीवर हात ठेवून देवघरात जाऊन बसतात. मी पत्रकं छापली. 'दीवारें काँप रही हैं, आप कब बोलेंगे?' असं मोठ्या अक्षरांत. घरोघर वाटली, सह्या घेतल्या, मोहल्ल्यातलं छोटं सभागृह रविवारी सकाळी अकरासाठी ठरवलं. आणि मग लक्षात आलं की सभेला माइक लागतो. गेले साउंडवाल्याकडे. त्याने पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि अतिशय आदराने म्हणाला, "दीदी, आप हमको बंद कराओगी, और माइक भी हम ही देंगे?" उज्जैनमधले सगळे साउंडवाले एकमेकांचे साले-मेहुणे आहेत. बाकीच्या तिघांनी दुकानात पाय टाकायच्या आधीच नाही म्हटलं. आवाजाच्या विरोधात बोलायला आवाज मिळेना. यावर हसणाऱ्यांचा मी आजही निषेध करते.

तेव्हा मी मौसाजींकडे गेले आणि क्रोशाचा रुमाल स्वतःच्या हाताने उचलला. मावशी म्हणाली, बाई गं, त्याला हात लावायच्या आधी त्यांना विचार. विचारलं. अर्ध्या मिनिटाने मौसाजी उठले, आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटाचा डबा घेऊन आले. मावशीने स्वयंपाकघरात जाऊन भांडं जरा जोरात ठेवलं.

पहिल्या दिवशी सगळं जोडून मला माइकसमोर उभं केलं. मौसाजी म्हणाले, बोल. मी बोलले, म्हणजे मी नेहमी बोलते तसं बोलले. चौकात उभं राहून टेम्पो आणि गाढवं यांच्यावरून शंभर पावलं आवाज फेकायचं माझं शिक्षण झालेलं आहे. पहिली दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला आवाज दबला, फाटला, आणि माझी घोषणा कुणी उशी तोंडावर दाबल्यासारखी बाहेर आली. मावशी लगेच म्हणाली, तू जरा हळू बोल ना. हे वाक्य मला नवीन नाही. आई हेच म्हणते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हेच लिहिलेलं आहे. कॉलेजात एका मास्तरांनी सांगितलं होतं की मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही, आणि मग त्यांच्याविरुद्ध पत्रक निघालं. मला वाटलं, आता मौसाजीही म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं तिखट. ते माझ्याकडे बघत तापत राहिले आणि मग म्हणाले, "तू काही नको बदलू बेटा. तू अशीच बोल. मी याला बघतो."

मग त्यांनी मला कारण समजावलं, आणि मलाही समजलं म्हणजे ते अवघड नसावं. वॉल्व्हच्या आत एक बारीक जाळी असते. तिच्यावर कायम थोडा मायनस व्होल्ट ठेवावा लागतो. तो वॉल्व्हला आवरून धरतो. तो नसला तर वॉल्व्ह सुटतो, आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल होते आणि तो स्वतःला जाळून घेतो. मौसाजींनी तरुणपणी बांधलेल्या या डब्यात तो मायनस व्होल्ट कुणी बाहेरून देत नव्हतं. वॉल्व्ह स्वतःच्या करंटमधूनच तो तयार करायचा. भजन, आरती, अध्यक्षांचं भाषण, इथपर्यंत ठीक. पण कुणी मनापासून ओरडलं की करंट वाढायचा, त्याबरोबर मायनसही वाढायचा, आणि वॉल्व्ह आपल्याच हाताने आपला गळा दाबायचा. उपाय असा की मायनसचा वेगळा, स्वतंत्र पुरवठा जोडायचा. छोटा ट्रान्सफॉर्मर, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड, चार्ज साठवणारा एक कंडेन्सर आणि कमी-जास्त करायला एक बटण. मग कोणी कितीही ओरडो, जाळीवरचा व्होल्ट जागचा हलत नाही. तीस वर्षांत कुणी अध्यक्ष असा ओरडलाच नाही, म्हणून जोडला नव्हता, असं ते म्हणाले. मी याला माझ्या आयुष्यातली पहिली प्रशंसा मानते.

ट्रान्सफॉर्मर जुन्या स्टॅबिलायझरमधून निघाला. अडचण डायोडची आली, कारण डायोड वाळूचा असतो. मौसाजींनी त्या जागीही काचेची नळीच बसवता येईल का याचा दीड दिवस विचार केला. जागा नव्हती. शेवटी मी माझा मेलेला मोबाइल चार्जर फोडून आतला डायोड काढून दिला, मिऱ्याएवढा. त्यांनी तो चिमट्यात धरून उजेडात पाहिला, आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकात कुणी कांदा घालायला सांगितल्यावर जसा चेहरा होईल तशा चेहऱ्याने तो जागेवर सोल्डर केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की हे समाजात कुणाला सांगू नको. सांगितलं नाही. छापते आहे.

शुक्रवारी दुपारी जोडणी पुरी झाली. इथून पुढची चूक माझी आहे आणि मी ती कुणावर ढकलणार नाही. नियम असा की नवा पुरवठा जोडला की वॉल्व्ह बसवायच्या आधी मीटर लावून मायनस व्होल्ट आलाय का ते बघायचं, आणि मगच वॉल्व्ह बसवायचे. मौसाजी मीटर शोधत होते. मीटर त्यांना सापडेना, कारण त्यांच्या घरात वस्तू अशा ठेवतात की चोराला मिळू नयेत. आणि मी घड्याळ बघत होते. परवा सभा, पोस्टर लागलेली, मला संध्याकाळी भैरवगढला जाऊन कापडावर ठसे उठवणाऱ्या छापेवाल्यांच्या वस्तीत पत्रकं वाटायची होती. मी म्हटलं, मौसाजी, तुम्ही चाळीस वर्षं हेच करताय, मीटर काय सांगणार तुम्हाला, लावा ना वॉल्व्ह, एकदा ऐकू द्या. मी बोलते तेव्हा लोक ऐकतात. हे माझं कौशल्य आहे. त्यांनी ऐकलं.

बटण दाबलं. वॉल्व्ह तांबूस पेटले. स्पीकरमधून माझं हॅलो बाहेर पडलं, स्वच्छ, घंटेसारखं, आणि पुढच्याच क्षणी डब्याच्या पोटात फट् झालं. पांढऱ्या कागदाच्या चिंधड्या आणि कुजक्या माशासारखा वास खोलीभर उडाला; त्यातला बराच भाग मावशीने नुकत्याच ठेवलेल्या पोह्यांवर बसला. कंडेन्सर फुटला होता. आणि कंडेन्सर गेला म्हणजे मायनस गेला. मी बघितलं तर दोन्ही काचांच्या आत प्लेट लाल होत होत्या, चुलीतल्या लोखंडासारख्या. मी ओरडले, मौसाजी, लाल. ते माझ्याकडे बघत होते. तापत होते. त्या अर्ध्या मिनिटात त्यांचं म्हातारपण जळून गेलं असतं. मी प्लग भिंतीतून उपटला, दोन्ही हातांनी.

तापलेली काच टिकटिकत होती. मौसाजी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं की दोन हात लावलेस. दुसरं वाक्य यायला खूप वेळ लागला. त्यांनी फुटलेल्या कंडेन्सरची टोकं बघितली होती. प्रत्येक कंडेन्सरचं मायनस टोक डब्याच्या पत्र्याला जोडायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. हा एकच पुरवठा उलटा. इथे प्लस टोक पत्र्याला जातं. हे त्यांना माहीत होतं, कागदावरही तसंच काढलेलं होतं. "डोकं सांगत होतं उलटा लाव," ते म्हणाले, "हाताने ऐकलंच नाही. चाळीस वर्षांची सवय आहे त्याला." आणि उजव्या हाताकडे असे बघत राहिले की जणू तो बाहेरगावचा पाहुणा आहे आणि त्याने आपल्या घरात काहीतरी फोडलंय.

मीटरचं ते काही बोलले नाहीत. नियम कुणी मोडायला लावला, हे तोंडातून काढलं नाही. मी कलेक्टर कचेरीसमोर उभं राहून लोकांना माफी मागायला लावते, मागत नसतील तर घोषणा देते. स्वतः कधी मागितलेली नव्हती, पद्धतच माहीत नव्हती. शेवटी मी म्हटलं, मौसाजी, माझं चुकलं. मावशी पोह्यांतले कागद वेचत होती. तिने मान वर केली आणि नवऱ्याला म्हणाली, ऐकलंत का, हिने हळू आवाजात काहीतरी म्हटलं.

शनिवारी मीटर सापडलं, तांदळाच्या डब्यात. नवा कंडेन्सर सुलटा म्हणजे उलटा बसला. मौसाजींनी जोडायच्या आधी तीनदा टोकं मोठ्याने वाचली, आणि चौथ्यांदा माझ्याकडून वाचून घेतली. मीटरचा काटा लावून बटण हळूहळू फिरवत ते अडतीसवर आणलं. मायनस अडतीस. मग वॉल्व्ह बसवले. वाजले. पण एकदा लाल झालेला वॉल्व्ह आतून किती जळालाय हे बाहेरून दिसत नाही. तासभर टिकेल, किंवा तिसऱ्या वाक्याला जाईल. मी म्हटलं, सभेत नको, तुम्ही हे घरी ऐका, मी हातांचा कर्णा करून बोलेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातगाडीवाल्याला फोन लावायला सांगितला.

रविवारी सभागृहात माणसं बरी होती. मी मोजली नाहीत; मोजली की मला राग येतो. हिरवा डबा टेबलावर, मागे मौसाजी उभे, इस्त्रीचा शर्ट, डावा हात खिशात, डोळे दोन काचांवर. मी आधी जरा जपूनच बोलायला लागले, म्हातारपण जळेल या भीतीने. पाचव्या वाक्याला बाहेर कुठलीशी वरात आली, भर सकाळी, डीजेसकट. सभागृहाच्या काचा वाजायला लागल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले, मागची दोघं उठली. मी मौसाजींकडे पाहिलं. त्यांनी अर्धा मिनिट घेतला नाही. लगेच, उजव्या हाताने, वर घे अशी खूण केली.

मग मी बोलले. चौकात बोलते तसं, प्रगतिपुस्तकात लिहिलंय तसं. त्या बोळातल्या आजींचं नाव घेऊन, थरथरणाऱ्या खिडक्यांचं नाव घेऊन बोलले. आणि तो डबा फाटला नाही. माझा आवाज, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, कुणी दाबला नाही आणि कुणी बारीक केला नाही. जेवढा होता तेवढा भिंतीपर्यंत गेला. उठलेली दोघं परत बसली. ओरडायच्या ठिकाणी वॉल्व्हच्या काचेत निळसर झाक उजळायची आणि परत मंद व्हायची. डीजे पुढे निघून गेला तरी मी त्याच जोरात बोलत होते, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी कानांवर हात ठेवले. आवाजाच्या विरोधातली सभा होती ही, याची मला जाणीव आहे.

डीजे बंद झाले का? नाही झाले. निवेदन दिलं, शिक्का मिळाला, अजून लढतो आहोत. तो साउंडवाला मात्र मागे दारात उभा राहून सगळं ऐकत होता. सभा संपल्यावर सरळ डब्याकडे आला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका, ये कौन सी चीज है, असं विचारलं. काका तापायला लागले. मला वाटलं निघून जाईल. तो थांबला.

सभेत टाळ्या झाल्या तेव्हा मौसाजींनी वाजवल्या नाहीत हे मी स्टेजवरून बघितलं होतं. वाईट वाटलं नाही, एवढं तर मी त्यांना ओळखते. सगळे गेले. त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला. बंद केलेल्या डब्यातसुद्धा बराच वेळ जीव असतो, म्हणून ते काचा विझेपर्यंत थांबले. मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवून आतला उरलासुरला चार्ज काढला. एक बारीक ठिणगी उडाली. दुसऱ्यांदा टेकवला, काही झालं नाही. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. खिशातून डावा हात बाहेर काढला, जरा निरखून पाहिला, आणि रिकाम्या सभागृहात माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. चार-पाच असतील. नीट जमत नव्हत्या, तळवे एकमेकांना चुकत होते. मी मान वळवून खुर्च्या रचायला लागले.

या वर्षी मुलगा त्यांना आणि मावशीला इंदूरला घेऊन गेला. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टसकट सगळी वाळू. हिरव्या डब्याला तिथे जागा नाही, म्हणून तो माझ्याकडे आहे, क्रोशाच्या रुमालासकट. मी टेलरकडून कुर्त्यांना डावीकडे खिसा लावून घेतला आहे. कारण सांगितलं नाही. दर रविवारी अकरा वाजता मौसाजींचा फोन येतो. तब्येत, हवापाणी, लढा कुठवर आला, यातलं काही विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "मायनस किती?" मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवते, डबा चालू करते, डावा हात खिशात घालते, मीटर टेकवते आणि वाचून सांगते की अडतीस, मौसाजी. मग पलीकडून काहीच येत नाही. मी सुरुवातीला फोन कट झाला समजून ठेवून देत असे. आता ठेवत नाही. थांबते.